अर्ध्या किमतीचे दोन किलोमीटर

ग्रंथपालबाईंच्या गळ्यात क्लबची शिट्टी पडली, ती निव्वळ एका शिंकेमुळे.

त्याचं असं झालं. शाळेत शिक्षकांची सभा चालली होती. मोठ्या बाई टेबलावर बोटं आपटत म्हणाल्या, "सातवीच्या मुली जिना चढून वर्गात आल्या की पाच मिनिटं नुसत्या धापा टाकतात. आणि प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मुलींचा धावण्याचा क्लब काढायचा. अंगात ताकद येईल, मनात हिंमत येईल. कोण घेतंय?"

खेळाचे सर पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडले होते. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायला ते खुर्चीवर चढले आणि खुर्चीसकट खाली आले. उरलेल्या सतरा जणांनी एकदम आपापल्या वहीत डोकं खुपसलं. ग्रंथपालबाईही खुपसणार होत्या, पण नेमकी तेव्हाच त्यांना शिंक आली. शिंकल्यावर माणूस मान वर करतो. मोठ्या बाईंना वर झालेली एकच मान दिसली.

"छान," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

"अहो, पण मी तर..." ग्रंथपालबाई म्हणाल्या. पुढचं वाक्य त्या घरी जाऊन म्हणाल्या, भांडी घासताना, एकट्याच. मोठ्या बाईंना 'नाही' म्हणायची त्यांची आजवर प्राज्ञा झाली नव्हती.

बावीस वर्षं ग्रंथालयात काढलेली ही बाई. 'धावू नका' आणि 'आवाज नको' ही दोन वाक्यं त्यांनी इतक्या वेळा उच्चारली होती की झोपेत कूस बदलतानाही त्या "श्श" म्हणत, असं त्यांच्या यजमानांचं म्हणणं होतं. आता त्यांना नेमकं उलटं सांगायचं होतं. पहिल्या दिवशी मैदानावर त्या "पळा" असं इतक्या हळू म्हणाल्या की मुलींना वाटलं, बाई काहीतरी आठवतायत. शिट्टीही त्यांनी तळहाताआड धरून वाजवली. शेजारी पाचवीचा भाषेचा तास चालू होता ना!

तरीपण क्लब चालला. अकरा मुली होत्या. सगळ्यांत पुढे असायची ती रेडिओ. पळताना, थांबताना, पाणी पिताना, ती सतत बोलत असे. सगळ्यांत मागे असायची ती सावकाश. हे नाव तिला गणिताच्या सरांनी दिलं होतं. मुलगी हुशार, पण फळ्यापर्यंत जायला तिला इतका वेळ लागे की ती पोचेपर्यंत उत्तर दुसरंच कुणीतरी देऊन टाकी. धावतानाही ती बाकीच्यांच्या मागे असायची, आणि तिच्या शेजारून ग्रंथपालबाई. दोघींचा वेग अगदी जुळायचा. दीड किलोमीटर झाला की मात्र सावकाश थांबे आणि बुटाची नाडी बांधायला बसे. नाडी सुटलेली कधीच नसे. बाईंना ते कळत होतं, पण त्या काही बोलत नसत. त्यांनाही तेवढाच दम खायला मिळे.

तीन महिन्यांत मुली बदलल्या. जिना चढून आल्यावर त्यांना धाप लागेना. एकीने तर चक्क हात वर करून सांगितलं, "सर, फळ्यावरचा भागाकार चुकलाय." तो खरोखरच चुकला होता. त्या दिवसापासून गणिताच्या सरांना हा क्लब डोळ्यांसमोर नको झाला.

"मंगळवारचा पहिला तास मुली पळण्यात घालवतात," ते मोठ्या बाईंना म्हणाले. "तो मला द्या. दशांश अपूर्णांक तसेच पडलेत."

मोठ्या बाईंनी त्यावर तोडगा काढला. संस्थेच्या अध्यक्षाबाई येत्या मंगळवारी शाळा पाहायला येणार होत्या. त्यांच्यासमोर मुलींनी शहरातून दोन किलोमीटर धावून दाखवायचं. मैदानावर नळाच्या कामासाठी चर खणलेला, म्हणून रस्त्यानेच. फाटकातून निघायचं, पोस्ट, बाजाराच्या दोन गल्ल्या, पाण्याची टाकी आणि परत फाटक. अकराच्या अकरा मुली न थांबता आल्या तर क्लब राहील. एक जरी वाटेत थांबली तर तास सरांचा.

"मोजायला मी फाटकावर उभा राहतो," सर म्हणाले. माणूस रोखठोक, पण आकड्यांच्या बाबतीत प्रामाणिक. एखादीला जाणूनबुजून कमी मोजेल असा नव्हता.

"आणि मुलींना एकसारखे शर्ट हवेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी बघते. खर्च उचलणारा कुणीतरी गाठते."

शर्टांचा रंग पिवळा ठरला. पाठीवर काय छापायचं ते मुलींनीच दोन तास भांडून ठरवलं: 'आम्ही मुली! आम्ही थांबणार नाही!' सावकाशने तेवढा विरोध केला होता. "आणि थांबलो तर?" ती म्हणाली. पण इतक्या हळू, की ते फक्त बाईंनाच ऐकू आलं.

त्याच आठवड्यात शहरातल्या प्रत्येक खांबावर एक पत्रक झळकत होतं. 'गाद्यांबद्दल मोठी बातमी! मंगळवारी सकाळी! डोळे उघडे ठेवा!' ग्रंथपालबाईंनी ते येताजाता वाचलं. गाद्या विकणारा माणूस लोकांना डोळे उघडे ठेवायला सांगतो, याचं त्यांना थोडं नवल वाटलं. त्यापलीकडे त्यांनी विचार केला नाही.

मंगळवारी शर्टांचं गाठोडं आलं ते अगदी ऐन वेळी, सात वाजायला आठ मिनिटं असताना. छापखान्याच्या माणसाने ते फाटकावरूनच आत टाकलं आणि सायकल हाणत तो दुसरं गाठोडं पोचवायला गेला. मुलींनी धडाधड शर्ट चढवले. ते गुडघ्यांपर्यंत आले.

"वाढत्या अंगाचे घेतलेत," बाई म्हणाल्या. "खोचून घ्या."

"बाई," रेडिओ म्हणाली, "हिच्या पाठीवर गाद्यांचं लिहिलंय. तिच्याही. बाई, सगळ्यांच्याच पाठीवर गाद्या! आपल्या मुली कुठे गेल्या?"

बाईंनी सावकाशला पाठमोरं केलं आणि चष्मा सावरून वाचलं. 'गादी अर्ध्या किमतीत! फक्त पहिल्या पन्नास ग्राहकांना! माझ्या मागे या!'

वाचता वाचता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं, खर्च उचलणारा! मोठ्या बाईंनी गादीवाल्यांना गाठलेलं दिसतंय. शर्ट त्यांनी दिले, मग जाहिरात त्यांचीच असणार."

"पण आपलं वाक्य?"

"जागा उरली नसेल. पण हे बघ ना, 'माझ्या मागे या.' केवढी हिंमत आहे यात! चांगलंच आहे की." आणि त्यांनी गाठोड्यातला बारावा शर्ट स्वतःच्या अंगावर चढवला. मोठ्या बाईंना जाऊन विचारावं, असं त्यांना एकदा वाटलं. पण मोठ्या बाई अध्यक्षाबाईंसाठी फाटकाशी खुर्ची मांडून घेत होत्या, आणि खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. अशा वेळी त्यांना काही विचारणं म्हणजे आगीत हात घालणं.

बाईंनी तळहाताआड शिट्टी वाजवली. मुली निघाल्या.

पोस्टापर्यंत सगळं ठीक होतं. सकाळची हवा छान होती, रेडिओ पुढे बडबडत होती, मागे बाई आणि सावकाश लयीत पावलं टाकत होत्या. पोस्टाच्या कोपऱ्यावर एका घराच्या पायरीवर एक काकू केस रंगवून, डोक्याला प्लॅस्टिकची टोपी घालून बसल्या होत्या. समोरून एकामागून एक बारा पिवळ्या पाठी गेल्या. काकूंनी पहिल्या पाठीवर 'गादी' वाचलं, तिसऱ्या पाठीवर 'अर्ध्या', आणि सातव्या पाठीवर 'पहिल्या पन्नास.' आठवी पाठ जाईपर्यंत त्या पायरीवर नव्हत्या.

"अहो!" त्या घरात बघून ओरडल्या. "ती मोठी बातमी! आली! पळत चाललीय!"

आतून कुणी आलं नाही. काकू थांबल्या नाहीत. डोक्यावरची टोपी एका हाताने धरून त्यांनी बाईंना गाठलं.

"गाद्या खऱ्याच का हो अर्ध्या किमतीत?"

ग्रंथपालबाईंना पळताना एका वेळी एकच शब्द बोलता यायचा, तोही श्वास आत घेताना. त्यांना वाटलं, ह्या जाहिरातीबद्दल विचारतायत. त्यांनी मान डोलावली.

"कुठे?"

"पुढे..." बाई म्हणाल्या. म्हणजे मुली पुढे आहेत, तुम्ही बाजूला व्हा, असं त्यांना म्हणायचं होतं. उरलेलं श्वासाबरोबर आत गेलं.

"पुढे!" काकू मागे वळून गल्लीभर ओरडल्या. "पुढे मिळतायत!"

बाजाराच्या पहिल्या गल्लीत केशकर्तनालय होतं. आत खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. त्यांचा डावा गाल गुळगुळीत झाला होता आणि उजव्या गालावर साबणाचा फेस होता. आरशात त्यांना उलट्या अक्षरांत काहीतरी पिवळं जाताना दिसलं आणि त्यामागून टोपी घातलेली बाई.

"काय चाललंय?"

"गाद्या," कारागीर दाराशी जाऊन म्हणाला. "अर्ध्या किमतीत. पहिल्या पन्नास जणांना."

गृहस्थ उठले. गळ्याभोवतीचा कपडा वाऱ्यावर फडफडवत ते रस्त्यावर आले. कारागीर वस्तरा हातात घेऊनच त्यांच्यामागे धावला. एकतर गिऱ्हाईक अर्धवट सोडायचं नाही हा त्याचा बाणा होता, आणि दुसरं म्हणजे त्याच्या घरची गादी मधोमध खचली होती. वस्तरा घेऊन धावणारा माणूस पाहिल्यावर शेजारच्या दुकानातली तीन माणसं आधी आत पळाली, आणि कारण कळल्यावर बाहेर पळाली.

दुसऱ्या गल्लीपर्यंत मागे तीसेक माणसं झाली होती. आता गंमत अशी, की धावणाऱ्या गर्दीत सामील होणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो 'कशाला' असा नाही, 'मी कितवा' असा पडतो. जो तो मागचे-पुढचे मोजू लागला आणि ज्याचा हिशेब पन्नासच्या जवळ जाई तो जोर धरी. एक आजोबा काठी टेकत निघाले होते. चार पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की काठीमुळे उशीर होतोय. त्यांनी ती एका भिंतीला टेकवून ठेवली आणि सुटले.

सावकाश सगळ्यांत मागची, म्हणजे गर्दीला सगळ्यांत जवळची. सगळे तिलाच विचारत होते.

"पोरी, कापसाची आहे की स्प्रिंगची?"

सावकाशला मोठ्या माणसांशी बोलायचं म्हटलं की ती दुसऱ्याच कुणालातरी पुढे करी. पण माणूस विचारतोय आणि आपण गप्प, हेही तिला बरं वाटेना. "माहीत... नाही... काका," ती म्हणाली.

"दोन माणसांची आहे का एकाची?"

"माहीत नाही!"

"उशी फुकट आहे का?"

"काका, मी सातवीत आहे!" सावकाश ओरडली. आयुष्यात पहिल्यांदाच ओरडली, आणि तिला त्याचं इतकं आश्चर्य वाटलं की पाय आपोआप जरा जलद पडू लागले.

पाण्याची टाकी आली. दीड किलोमीटर झाला. सावकाशचा हात सवयीने बुटाच्या नाडीकडे गेला, ती जरा वाकलीही. त्याबरोबर मागून शंभर कंठांतून आरोळी उठली.

"थांबू नकोस गं!"

"अगं ए, पुढचे निघून चाललेत!"

"पोरी, माझ्या पाठीचा प्रश्न आहे, पळ!" हे आजोबा.

टोपीवाल्या काकूंनी तिच्या दंडाला धरून तिला सरळ केलं. "नाडी घट्ट आहे. मी बघितली. चल!"

सावकाशने बाईंकडे पाहिलं. बाईंनी सावकाशकडे पाहिलं. बाईंना स्वतःलाच थांबायचं होतं, पण मागे अर्धी दाढी, वस्तरा आणि दोनशे पाय येत होते. "पुढे," बाई म्हणाल्या. त्यांच्याजवळ तो एकच शब्द शिल्लक होता. दोघी पळाल्या.

फाटकाशी अध्यक्षाबाई न डुगडुगणाऱ्या खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारी मोठ्या बाई, आणि फाटकाच्या कडेला गणिताचे सर वही-पेन्सिल घेऊन उभे. त्यांना आत येणारे मोजायला सांगितलं होतं. रेडिओ आली. "एक," सर म्हणाले. दोन, तीन, चार... दहा. मग सावकाश आली, लालबुंद, पण धावत. "अकरा," सर म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. मग बाई आल्या. त्यांच्यामागून टोपीवाल्या काकू घुसल्या.

"माझा नंबर कितवा?" त्यांनी सरांना विचारलं.

सरांना चुकीचं उत्तर देणं जमत नसे, आणि उत्तरच न देणं तर त्याहून जमत नसे. "मुली आणि बाई सोडून?" त्यांनी विचारलं. "मग पहिला."

"मिळाली!" काकू ओरडल्या.

मागून येणाऱ्यांनी ते पाहिलं. शाळेच्या फाटकाशी वहीवाला माणूस नंबर देतोय, म्हणजे गाद्या इथेच. जो येई तो "माझा?" विचारी आणि सर "सतरा", "अठरा", "एकोणीस" असं सांगून वहीत रेघ मारत. मोजायला सुरुवात केली की सरांना मध्ये थांबता येत नसे. अर्ध्या दाढीचे गृहस्थ पन्नासावे आले आणि त्यांचा कारागीर एक्कावन्नावा.

"मी तुमच्या बरोबरीने होतो!" कारागीर म्हणाला.

"अजिबात नाही. तू मागे होतास."

"मी मागे होतो कारण माझ्या हातात वस्तरा होता! पुढे असतो तर तुमचं काय झालं असतं?"

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. "पन्नासनंतर एक्कावन्न."

"पन्नास काय? एक्कावन्न काय?" मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. "ही कोण माणसं? काय हवंय तुम्हाला?"

"गाद्या!" अंगणभर एकच आवाज झाला.

हा शब्द शाळेच्या शिपाईमामांच्या कानावर गेला. मामांना शाळेत अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि कुणी काही मागितलं की 'कशाला' म्हणून विचारायचं नाही, हे त्यांचं धोरण होतं. ते कोठीच्या खोलीत गेले आणि कोलांट्या मारायच्या चार जुन्या गाद्या त्यांनी फरफटत अंगणात आणून टाकल्या. धुळीचा असा लोट उठला की अध्यक्षाबाई काही काळ दिसेनाशा झाल्या.

आजोबा एका गादीवर बसले. ती भुसा भरलेली होती आणि बसताच तिच्यातून भुसा सुटला.

"ही अर्ध्या किमतीत?" आजोबा म्हणाले. "ही फुकट दिली तरी वर पैसे मागेन मी!"

"फसवणूक!" कुणीतरी ओरडलं.

"आणि पोरींना पुढे घालून!"

"मुख्य कोण आहे? त्या पिवळ्या बाई! त्यांनीच मला मान डोलावून सांगितलं!"

गर्दी ग्रंथपालबाईंच्या दिशेने वळली. त्यांच्याभोवती मुली येऊन उभ्या राहिल्या. रेडिओ पहिल्यांदाच गप्प होती. बाईंनी सवयीने ओठांवर बोट ठेवलं आणि "श्श" म्हटलं. पहिल्या रांगेतल्या दोघांनाही ते ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. एक बाई त्यांना म्हणाली, "साप आहे का हो कुठे?"

तेवढ्यात कुणीतरी सावकाशच्या शर्टाची बाही ओढली. "काढ बघू हा शर्ट! लाज नाही वाटत खोटी जाहिरात करायला?"

ग्रंथपालबाईंच्या आत कुठेतरी काहीतरी तुटलं. बावीस वर्षांत जे आत आत ढकललं होतं ते सगळं एकदम घशाशी आलं.

"हात खाली!"

तो आवाज कुठून आला हे बाईंना स्वतःलाही कळलं नाही. छपरावरची कबुतरं उडाली. तिसरीच्या वर्गातून पाढे म्हणण्याचा आवाज येत होता, तो सातावर थांबला. मोठ्या बाई मटकन खुर्चीत बसल्या, आणि ती नेमकी डुगडुगणारी होती.

"इथे गाद्या नाहीत!" बाई त्याच आवाजात म्हणाल्या. "ही शाळा आहे! ह्या माझ्या मुली आहेत! आम्ही पळायला निघालो होतो, फक्त पळायला! शर्टांवर काय छापलंय ते मी वाचलं, मला ते चुकीचं वाटलं, आणि मी कुणाला विचारलं नाही, कारण मला मोठ्या बाईंची भीती वाटते!"

अंगणातले सगळे मोठ्या बाईंकडे पाहू लागले.

"माझी?" मोठ्या बाई म्हणाल्या. "अहो, खर्च उचलणारा मला कुणी मिळालाच नाही. शर्टांचे पैसे मी माझ्या पदरचे घातले. तुम्हाला सांगायचं राहिलं."

"मग ह्या गाद्या कुणाच्या?"

उत्तर फाटकातून आत आलं. पुढे गादीवाले, घामाघूम, आणि मागे त्यांच्या दुकानातले बारा विक्रेते. धिप्पाड, मिशाळ माणसं. त्यांच्या अंगात बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या मापाचे पिवळे शर्ट होते. शर्ट बेंबीच्या वर संपले होते आणि हात खाली येत नव्हते. एका विक्रेत्याने लाजून पाठ फिरवली, तेव्हा सगळ्यांना वाचता आलं: 'आम्ही मुली! आम्ही थांबणार नाही!'

"केव्हापासून साऱ्या शहरात फिरतोय," गादीवाले रडकुंडीला येऊन म्हणाले. "एक माणूस मागे आला नाही! हसतात नुसते! चौकात एका म्हातारीने ह्याला विचारलं, बाळ, कितवीत आहेस? मी म्हटलं, आज शहरातली माणसं गेली तरी कुठे?"

"इथे," सर म्हणाले आणि त्यांनी वही पुढे केली. "एकशे सात. पहिले पन्नास वेगळे लिहिलेत."

गादीवाल्यांनी वहीकडे पाहिलं, मग गर्दीकडे, मग मुलींकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. अर्ध्या तासात एकशे सात गिऱ्हाइकं आणि तीही नंबरवार. "ही तुमची पोरं... पोरी... दर मंगळवारी पळतात का हो?" त्यांनी बाईंना हळूच विचारलं.

"तुम्ही आधी ह्यांना गाद्या द्या," बाई म्हणाल्या. आवाज अजून खाली आलेला नव्हता.

"देतो, देतो! दुकान पाण्याच्या टाकीपाशीच आहे."

"टाकीपाशी?" टोपीवाल्या काकू म्हणाल्या. "म्हणजे आम्ही त्याच्यावरूनच पळत आलो? किती पळालो आम्ही?"

सरांना आकडा ठाऊक होता, पण ते एक्कावन्नाव्याची समजूत घालण्यात गुंतले होते. तेव्हा सावकाश पुढे आली. गर्दी तिच्याकडे बघत होती. तिने घसा खाकरला. "पोस्टापासून इथपर्यंत पावणेदोन किलोमीटर," ती म्हणाली. "तुम्ही एकदाही थांबला नाहीत, काकू."

"कोण, मी?" काकूंनी स्वतःच्या पायांकडे असं पाहिलं जणू काही ते शेजारणीचे होते. "मी जिना चढले की मला बसावं लागतं!"

आजोबा भुशातून उठले. त्यांना आता काठी आठवली, ती कुठे ठेवली ते आठवेना, आणि आपण तिच्याशिवाय उभे आहोत हे त्यांच्या ध्यानात आल्यावर ते घाबरून परत बसले.

धूळ खाली बसली होती. अध्यक्षाबाईंनी रुमालाने चेहरा पुसला आणि सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं. मोठ्या बाई खुर्चीचा डुगडुगणारा पाय टाचेने दाबून बसल्या.

"सर," अध्यक्षाबाई म्हणाल्या, "मुली किती निघाल्या आणि किती आल्या?"

सरांनी वही पाहिली. त्यांना फक्त एक मुलगी वाटेत थांबलेली हवी होती. पण वहीत तसं नव्हतं, आणि वहीत नसलेलं ते बोलत नसत. "अकरा निघाल्या," ते म्हणाले. "अकरा आल्या."

"आणि वाटेत थांबली कुणीच नाही, मी मागेच होते," टोपीवाल्या काकू म्हणाल्या.

"मग तास मुलींचा," अध्यक्षाबाई म्हणाल्या. मग जरा पुढे वाकून त्यांनी गादीवाल्यांना विचारलं, "एकशे आठावा नंबर चालेल का हो? माझी कंबर फार धरते."

पुढच्या मंगळवारी सातला दहा मिनिटं असताना ग्रंथपालबाई फाटकाशी आल्या तेव्हा तिथे सहा बायका उभ्या होत्या. पुढे त्याच काकू. आज डोक्यावर टोपी नव्हती, पण गेल्या मंगळवारी घाईत धावत सुटल्यामुळे केस अर्धे काळे आणि अर्धे पांढरे राहिले होते ते तसेच होते. गादीची तक्रार घेऊन आल्या असणार, असं बाईंना वाटलं. त्यांनी मनातल्या मनात आवाज तपासून पाहिला. तो जागेवर होता.

"काय झालं? गादी खराब निघाली का?"

"छे हो! गादी लोण्यासारखी आहे," काकू म्हणाल्या. "तेच तर झालंय ना! रात्री अशी गाढ झोप लागते की पहाटे साडेपाचला टक्क जाग येते. मग पाय वळवळतात. घरचे म्हणतात, पडून राहा. आठवडाभर राहिले. आता नाही राहवत. ह्या पाचजणींचंही तेच." पाचजणींनी माना डोलावल्या. "आम्ही मागून मागून येऊ. तुम्हाला त्रास नाही द्यायचो."

बाईंनी मुलींकडे पाहिलं. रेडिओने लगेच काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तिच्याआधी सावकाश पुढे झाली. तिने सहाजणींच्या पायांकडे पाहून एकीला चपला काढून बूट घालून यायला पिटाळलं, काकूंना पदार्थ तपासावा तसं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "सुरुवातीला बोलायचं नाही. श्वास नाकाने घ्यायचा. दमलात तर मला सांगायचं, बसायचं नाही."

"बरं गं बाई," काकू म्हणाल्या. "पण आज जायचंय किती लांब?"

मुलींचा आज पहिल्यांदाच तीन किलोमीटरचा बेत होता. सावकाशला तो पाठ होता. तिने काकूंच्या नजरेला नजर दिली.

"हे काय, इथेच," ती म्हणाली. आणि कुणी आणखी काही विचारायच्या आत तिने बाईंच्या गळ्यातली शिट्टी ओढून खणखणीत वाजवली.